पडद्यावरचा वर्ग आणि शेजारच्या बाकावरची मैत्रीण : नव्याने शिकवू लागलेल्या प्राध्यापकांसाठी

तासिका तत्त्वावर रुजू होऊन आठवडाही होत नाही, तोच पहिल्या वर्षाचा ऑनलाइन तास वाट्याला येतो. लिंक जाते, साठ नावं दिसतात, साठही कॅमेरे बंद. तुम्ही मराठीत शिकवता, मध्येच इंग्रजी संज्ञा टाकता आणि वीस मिनिटांनी विचारता, "समजलं का?" चॅटमध्ये "यस मॅडम"ची रांग लागते. या रांगेवर विश्वास ठेवू नका. त्यात कुणी खोटं बोलत नसतं, पण "कुठे अडलं" हे सांगायला जी भाषा लागते, तीच त्या क्षणी हाताशी नसते.

मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून सगळी उदाहरणं तिथलीच देते. आमच्या एका वर्गात पूर्व भागातल्या विणकर घरांतली तेलुगू बोलणारी मुलं असतात, अक्कलकोटकडून येणारी कन्नड घरांतली असतात, उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या मुली असतात, तांड्यावरून आलेली, बंजारा समाजाची गोरबोली बोलणारी मुलं असतात आणि अर्थातच मराठी माध्यमातली असतात. कॉलेजच्या इमारतीत हा वर्ग कसा चालतो? मराठीतलं वाक्य कळलं नाही, तर शेजारच्या बाकावरची मैत्रीण मान न वळवता दोन शब्द तेलुगूत पुटपुटते आणि गाडी पुढे जाते. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ऑनलाइन तासात ती मैत्रीण नसते. प्रत्येक जण आपापल्या घरात, कानात इअरफोन घालून एकटा. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिला परत आणण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : विचारा, पण जपून

पहिल्या तासाआधी एक छोटा गुगल फॉर्म पाठवा. चार प्रश्न पुरतात. शाळा कोणत्या माध्यमात झाली? अवघड गोष्ट समजून घेताना मनातल्या मनात कोणत्या भाषेत बोलता? विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरं कोणत्या भाषेत लिहिणार? तास कोणत्या वेळी, कुणाच्या फोनवर ऐकता? शेवटचा प्रश्न भाषेचा वाटत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. घरात एकच फोन असेल आणि शेजारी यंत्रमाग चालू असेल, तर मुलगी बोलणार नाही, ती लिहील. आणि लिहिणार कोणत्या लिपीत, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो.

आता जपून का, ते सांगते. "आपापली मातृभाषा सांगा बघू" असा प्रश्न सगळ्यांसमोर, चॅटमध्ये कधीही टाकू नका. आपल्याकडे बोली सांगितली की बरेचदा जात कळते. कैकाडी, वडार, पारधी घरांतल्या मुलांनी शाळेत हे सोसलेलं असतं, म्हणून ती फॉर्ममध्येही "मराठी" असंच लिहितात. लिहू द्यात. फॉर्म फक्त तुम्हीच वाचाल, असं आधी स्पष्ट सांगा, ते पाळा आणि मनातल्या भाषेचा तो रकाना ऐच्छिक ठेवा. ज्याला सांगायचं नाही त्याचा तो हक्क आहे. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात वर्गाची भाषावार यादी पडद्यावर दाखवली होती. पुढच्या तासापासून एक मुलगा यायचाच थांबला. मी नंतर त्याला फोन केला, माफी मागितली, तो परत आला, पण ती यादी दाखवायला नको होती.

दुसरी पायरी : शब्दांचा तक्ता

ही सगळ्यात कसाची पायरी आहे, तिला वेळ द्या. एक सामायिक स्प्रेडशीट उघडा. डावीकडे इंग्रजी संज्ञा, मग मराठी, मग वर्गात असलेल्या भाषांचे रकाने, आणि शेवटी "रोजच्या बोलण्यात हा शब्द कशासाठी वापरतात" असा एक रकाना. शेवटचा रकाना विसरू नका, खरी गंमत आणि खरे घोटाळे तिथेच सापडतात.

मराठी संज्ञेसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. हिंदीसाठी १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाच्या शब्दावल्या आहेत. पण मुलांच्या डोक्यात आधीपासून कोणता शब्द बसलाय, हे त्यांच्या शाळेच्या पुस्तकातून कळतं. बालभारतीची पुस्तकं उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांतही निघतात. ती वाचता येत नसतील, तर तो रकाना मुलांकडूनच भरून घ्या. दर आठवड्याला पाच संज्ञा, त्याहून जास्त नको.

आमच्या तक्त्याची पहिली ओळ "डिमांड"ची होती. मराठीत मागणी, हिंदीत मांग, उर्दूत तलब, कन्नडमध्ये बेडिके, तेलुगूत गिराकी. एवढे शब्द समोरासमोर आले आणि मी वर्गाला विचारलं, यातला कोणता शब्द तुम्ही घरी कधी वापरता? मराठी मुलं म्हणाली, लग्नाची मागणी, कामगारांच्या मागण्या. कन्नड बोलणारा मुलगा म्हणाला, बेडु म्हणजे मागणं, याचना करणं, त्यावरूनच बेडिके. उर्दूवाल्या मुलीने सांगितलं, तलब म्हणजे हवं असणं, इच्छा. म्हणजे यातले बरेचसे शब्द नुसतं मागणं किंवा हवं असणं दाखवतात. अर्थशास्त्रात मात्र इच्छेला खरेदीची ऐपत आणि तयारी जोडलेली असल्याशिवाय ती मागणी ठरत नाही. हे वाक्य मी आधी दहा वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी ते मुलांनी मला सांगितलं. तेलुगूतली गिराकी तर थेट गिऱ्हाइकाची आठवण करून देते, आणि गिऱ्हाईक म्हणजे पैसे मोजणारा माणूस, त्यामुळे व्याख्येच्या सगळ्यात जवळ तोच शब्द निघाला. तेलुगू घरांतली मुलं त्या तासाला पहिल्यांदा माइक उघडून बोलली.

"सप्लाय"ची ओळही अशीच. मराठीत पुरवठा, कन्नडमध्ये पूरैके, हिंदीत पूर्ति, तेलुगूत सरफरा, उर्दूत रसद. रसद आपल्याला सैन्याच्या गोष्टींमधून माहीत आहे आणि सरफरा ऐकलं की सरबराई आठवते. परका वाटणारा शब्द असा ओळखीचा निघाला की तो लक्षात राहतो.

"इलॅस्टिसिटी"ला मराठीत लवचिकता, हिंदीत लोच, उर्दूत लचक. कन्नडमध्ये मात्र स्थितिस्थापकत्व. हा शब्द ऐकून मराठी माध्यमातली मुलं चमकली, कारण स्थितिस्थापकता त्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेली असते. रबर ताणला की किती ताणला जातो, तसं किंमत हलली की मागणी किती हलते. एका भाषेतल्या शब्दाने दुसऱ्या भाषेतल्या मुलांना समजावलं.

घोटाळ्यांचंही एक उदाहरण देते. मी "किंमत यंत्रणा" शिकवली, म्हणजे किमतींच्या चढउतारातून मागणी आणि पुरवठ्याचा मेळ बसवणारी व्यवस्था. घरचे नुकतेच उत्तरेकडून सोलापुरात आलेले, अशा हिंदी माध्यमातल्या एका मुलीने लिहिलं, की किंमत यंत्रणा म्हणजे महागाईमुळे लोकांना सोसावा लागणारा त्रास. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. तिने तिच्या भाषेप्रमाणे अगदी बरोबर अर्थ लावला होता. चूक माझी होती, कारण लिपी एक म्हणून मी धरून चालले की शब्दही एकच. मराठीतली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा, मराठीतली चेष्टा आणि हिंदीतली चेष्टा, असे जोडशब्द तुमच्या विषयात कोणते येतात, ते तक्त्यात लाल रंगाने रंगवून ठेवा.

तिसरी पायरी : नोट्सचं तांत्रिक

इथे फार बोलायचं नाही, पण हे टाळलंत तर पुढचं काहीच चालणार नाही. नोट्स युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मुलांच्या फोनवर अगम्य अक्षरांची रांग होऊन उघडते, आणि मुलं संकोचाने सांगतही नाहीत. युनिकोड मजकूर असला की मुलगी त्यातला परिच्छेद उचलून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकू शकते, शब्द शोधू शकते, मोठ्याने वाचून घेऊ शकते. स्कॅन केलेल्या पानाचं असं सहज होत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे मराठी आणि उर्दू वाक्यं एकाच ओळीत मिसळू नका, शब्दांची उलटापालट होते. वेगळी ओळ, वेगळा रकाना.

चौथी पायरी : प्रत्यक्ष तास

साठ मिनिटांचा तास असेल तर तुम्ही सलग बोलायचं ते फार तर बारा मिनिटं. तेही एकाच भाषेत. "डिमांड कर्व्ह जो आहे तो डाउनवर्ड स्लोपिंग असतो, कारण प्राइस फॉल झाली की..." अशी खिचडी करू नका. मराठीत बोलायचं ठरवलं तर वाक्य मराठी ठेवा, संज्ञा इंग्रजीत एकदा सांगा, पडद्यावर दाखवा आणि पुढे जा. मिश्र वाक्यात दोन्ही भाषा अर्ध्याच येतात. शिवाय आपलं बोलणं पडद्यावर आपोआप लिहून दाखवणारे कॅप्शन वापरत असाल, तर ते सहसा एक भाषा धरून चालतात. खिचडी वाक्यावर ते काय लिहितील याचा भरवसा नाही.

भाषा बदलायला माझी अजिबात ना नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती कधी बदलायची हे आधी ठरवा आणि वर्गाला सांगा. "आता दहा मिनिटं ज्याला ज्या भाषेत बोलायचंय त्यात बोला, मग आपण परत मराठीत येऊ." वेल्समध्ये केन विल्यम्स या अभ्यासकाने १९९४ मध्ये वर्गातल्या अशाच कामाला वेल्श भाषेत नाव दिलं. तिथल्या वर्गात मुलं एका भाषेत वाचायची आणि दुसऱ्या भाषेत लिहायची किंवा बोलायची. इंग्रजीत तेच पुढे ट्रान्सलँग्वेजिंग म्हणून ओळखलं गेलं. विचार साधा आहे. एका भाषेत ऐकलेलं दुसऱ्या भाषेत मांडायचं तर ते आधी कळावं लागतं, नुसत्या घोकंपट्टीवर भागत नाही.

बारा मिनिटांनंतर वर्गाचे चार-चार जणांचे छोटे गट करा. झूम, गुगल मीट, टीम्स यांत वेगळ्या खोल्या करण्याची सोय आहे. तुमच्या कॉलेजच्या खात्याला ती मिळते का, हे आधी तपासा. मिळत नसेल तर व्हॉट्सॲपचे चार जणांचे कॉल चालतात. आम्ही कितीतरी दिवस तसंच केलं. भाषेनुसार गट मी स्वतः पाडत नाही. कारण तेच, फॉर्ममधलं उघडं पडतं. मुलांना म्हणते, ज्याच्याशी बोलायला सोपं जातं त्याच्याबरोबर बसा. मुलं आपली शेजारीण आपणच शोधतात.

गटाला दिलेलं काम अगदी ठोस हवं. आमचं एक उदाहरण असं आहे. टॉवेलचा भाव १०० रुपयांवरून ९० झाला आणि आठवड्याची विक्री २०० वरून २६० वर गेली. मिठाचा भाव २० वरून २२ झाला, विक्री होती तेवढीच राहिली. दोन्हींची लवचिकता काढा आणि फरक का पडला ते सांगा. टॉवेल हे सोलापूरचं रोजचं उत्पादन, अनेक मुलांच्या घरी त्याचेच माग. किमतीत १० टक्के घट, मागणीत ३० टक्के वाढ, म्हणजे लवचिकता ३. मिठाची शून्य. हिशेब दोन मिनिटांत होतो, "का" यावर मात्र आठ मिनिटं चर्चा होते, तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनी उर्दूत, ज्याची जी भाषा तिच्यात.

नवे प्राध्यापक इथे हटकून विचारतात, "मला तेलुगू कळत नाही, ते अभ्यासाचंच बोलताहेत हे कशावरून?" चर्चा तपासायची गरजच नाही, जे हातात येतं ते तपासा. परत आल्यावर प्रत्येक गटाने मराठीत किंवा इंग्रजीत तीन वाक्यं आणि एक आकडा द्यायचा. बोलून, लिहून किंवा व्हॉइस नोटने. बोलणारा दर वेळी वेगळा. तीन वाक्यं नीट आली म्हणजे आतलं बोलणं कामाचं होतं.

एखाद्या हुशार मुलीलाच दर तासाला दुभाषी करू नका. तिला बरं वाटतं म्हणून ती नाही म्हणत नाही, आणि दोन महिन्यांत तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो.

पाचवी पायरी : आकडे दाखवा, नुसते बोलू नका

हे मला फार उशिरा कळलं. मराठीत आपण एकवीस म्हणतो, आधी एक मग वीस. तेलुगू आणि कन्नडमध्ये आधी वीस, मग एक. "एकोणसाठ", "अठ्ठ्याहत्तर" असे आकडे तोंडी आले की मराठी माध्यमात न शिकलेलं मूल ते मनात उलटवत बसतं आणि तोवर तुम्ही दोन वाक्यं पुढे गेलेले असता. अडीच, पावणेदोन यांचंही तेच. म्हणून बोललेला प्रत्येक आकडा पडद्यावर उमटला पाहिजे. आलेखावर अक्षांची नावं आपल्या भाषेत लिहा, पण किमतीसाठी पी आणि नगांसाठी क्यू ही इंग्रजी अक्षरं तशीच ठेवा, पाचही भाषांतल्या मुलांना ती सारखी दिसतात.

सहावी पायरी : तासानंतर ऐकायचं काय

साठ मिनिटांचं चित्रमुद्रण कुणी परत बघत नाही, बघायला डेटाही नसतो. त्याऐवजी त्या दिवसाच्या एकाच संकल्पनेवर आठ मिनिटांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. ३२ केबीपीएसने साठवलेली आठ मिनिटं जेमतेम २ एमबी भरतात. संथ बोला. अडलेलं मूल मागे-पुढे करून ऐकेल. "मॅडम, आवाज तुटायलाय" ही तक्रारही त्यात नसते. वर्गातल्या एखाद्या मुलाने तीच गोष्ट कन्नडमध्ये किंवा उर्दूत सांगून ध्वनिमुद्रित केली, तर त्याच्या परवानगीने तीही गटावर टाका. आमच्याकडे उर्दूतली अशी एक व्हॉइस नोट पुढच्या वर्षीच्या मुलींनीही मागून घेतली.

यंत्रभाषांतराबद्दल विचारलं जातंच. केंद्र सरकारची भाषिणी ही भाषांतर सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, गुगलचं भाषांतर तर मुलांच्या खिशात आहे. वापरू द्या. दोनच अटी घाला. भाषांतर झालेला परिच्छेद परत मराठीत उलटवून बघायचा, आणि संज्ञा आपल्या तक्त्याशी ताडून बघायच्या. तुम्ही स्वतः मात्र न तपासलेलं यंत्रभाषांतर नोट्स म्हणून वाटू नका. ती भाषा जाणणाऱ्या एका माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. मुलं मास्तरांच्या कागदावर विश्वास ठेवतात, त्यातली चूक ती उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात.

सातवी पायरी : परीक्षेची भाषा

इथवर घरच्या भाषेची बाजू घेतली, आता दुसरी बाजू तितक्याच तळमळीने सांगते. मुलांना गटात तेलुगूत बोलू दिलं आणि परीक्षेच्या भाषेत लिहायला शिकवलंच नाही, तर आपण त्यांना वाऱ्यावर सोडलं. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. तरीही तुमच्या विद्यापीठात, तुमच्या विषयाला कोणत्या भाषा चालतात, हे परिपत्रक काढून स्वतः वाचा आणि पहिल्या महिन्यातच वर्गाला सांगा. ऐकीव माहितीवर एकाही मुलाला भाषा निवडायला लावू नका.

भाषा ठरली की सहाव्या आठवड्यापासून दर शनिवारी एक उत्तर. कागदावर, पेनने, फोटो काढून पाठवायचं. टाइप केलेलं नको, कारण परीक्षेत हातानेच लिहायचं असतं, आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला देवनागरी लिहिण्याचा वेग यायला वेळ लागतो. दहा गुण असे फोडा, संकल्पनेला ५, उदाहरणाला २, आकृती किंवा हिशेबाला २, संज्ञा नेमकी वापरली तर १. ऱ्हस्वदीर्घाला आणि वाक्यरचनेला गुण कापू नका, पण दर उत्तरात फक्त दोन भाषिक चुका दाखवा. सगळ्या दाखवल्यात तर कागद लाल होतो आणि मूल पुढच्या शनिवारी लिहीत नाही. शेरा व्हॉइस नोटने द्या. पडद्यावर लिहिलेला "असमाधानकारक" हा शब्द आणि आवाजात म्हटलेलं "हिशेब छान जमलाय, फक्त कारण एका ओळीत लिही" यांत पोचण्याचा फरक फार मोठा आहे.

अंतर्गत मूल्यमापनात तुमच्या हातात थोडी मोकळीक असते. तिथे मी एक प्रकल्प असा देते. घरातल्या मोठ्या माणसाची त्यांच्या भाषेत मुलाखत घ्या. ज्वारी, विडी, सूत, रिक्षाचं पेट्रोल, कशाचाही भाव वाढला तेव्हा घराने काय कमी केलं आणि काय कमी केलं नाही? मुलाखत आजीच्या भाषेत, अहवाल परीक्षेच्या भाषेत. विडी वळणाऱ्या एका आजीने नातीला सांगितलं होतं, भाव वाढला की डाळ पातळ होते, पण चहा कमी होत नाही. लवचिक आणि अलवचिक मागणीचं याहून नेमकं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही.

महिना झाल्यावर

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा एक निनावी फॉर्म पाठवा. "या महिन्यात अडल्यावर तुम्ही कुणाला विचारलंत?" एवढा एकच प्रश्न, उत्तर कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत. "कुणालाच नाही" अशी उत्तरं किती येतात, ते मोजा. पहिल्या वर्षी माझ्याकडे अशी उत्तरं भरपूर आली होती, तेव्हा मी पुढचे दोन आठवडे नवा भाग थांबवला, प्रत्येक तासाची पंधरा मिनिटं फक्त गटांसाठी ठेवली आणि तक्त्याच्या रिकाम्या रकान्यांवर बसले. सत्र संपताना तो तक्ता पुढच्या वर्षी शिकवणाऱ्याच्या हाती द्या. मुलांची नावं काढून टाका, लाल रंगाचे शब्द मात्र तसेच राहू द्या.